आंबाडोह शाळेवरील सायबर आक्रमण आणि त्यातील १,४१६ आक्रमक

कायद्याशिवाय गुन्हा होऊ शकत नाही. ही गोष्ट दिसायला साधी आहे, पण तिचा पूर्ण विचार फार थोड्यांनी केला आहे. (मी केला आहे, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.) गुन्हा आधी घडू द्यायचा आणि मग धावतपळत कायदा करायचा, हा मागासलेल्या समाजांचा क्रम झाला. पुढारलेला समाज आधी कायदा करतो, मग समित्या नेमतो, मग नमुने छापून घेतो आणि सगळी मांडामांड झाली की गुन्ह्याची वाट पाहत बसतो. गुन्हा वेळेवर आला नाही तर मात्र फार कुचंबणा होते.

'शाळा (सायबर आक्रमणांपासून संरक्षण) अधिनियम' हा अशा पुढारलेल्या कायद्यांपैकी आहे. चौसष्ट पाने, अकरा प्रकरणे, सात परिशिष्टे. मी तो तीनदा वाचला. त्यातले कुठलेही वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात आठवत नाही आणि त्यामुळे ते मोडावे अशी इच्छाच मनात उरत नाही. गुन्हेगारी आटोक्यात आणण्याचा इतका अहिंसक मार्ग माझ्या तरी वाचनात नाही.

कलम २ मध्ये व्याख्या आहेत. 'शाळा' म्हणजे जिथे संगणक आहे, होता किंवा असायला हवा होता अशी कोणतीही जागा. 'संगणक' म्हणजे चालू अथवा बंद स्थितीतील संगणक. 'आक्रमक' म्हणजे 'अधिकार नसताना शाळेचा पासवर्ड ठाऊक असलेली कोणतीही व्यक्ती, मग तिने तो वापरलेला असो वा नसो, आणि तो तिला कसाही कळलेला असो'. ही शेवटची व्याख्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. पहिल्या दोन वाचनांत ती माझ्याही ध्यानातून निसटली होती.

आंबाडोह हे केळापूर तालुक्यातले गाव पांढरकवड्याहून अकरा किलोमीटरवर आहे. पैकी सहा किलोमीटर डांबर आणि पाच किलोमीटर श्रद्धा. शाळा पहिली ते सातवी, विद्यार्थी त्रेचाळीस, शिक्षक दोन: मुख्याध्यापक भगवानराव आणि मंजुषा मॅडम. लॅपटॉप एक. तो एका कपाटात असतो, कपाट ऑफिसात असते, आणि ऑफिसात रेंज नसते. सबंध गावात रेंज एकाच ठिकाणी येते: पोषण आहाराच्या शेडमध्ये, चुलीच्या उजव्या हाताला, खिचडीचा मोठा गंज, म्हणजे पातेले, उपडा घालून त्यावर लॅपटॉप ठेवला तर. दोन बोटे डावीकडे सरकले की तेलंगणातली रेंज सुरू होते.

त्यामुळे शाळेचा सर्व ऑनलाइन कारभार गेली दोन वर्षे त्या गंजावर चालत होता आणि तो गंज बिजलीबाईच्या ताब्यात होता. बिजलीबाई शेजारच्या तांड्यावरची. अकरा वर्षांपासून शाळेत खिचडी शिजवते. शिक्षण चौथी. नात तिसरीत, याच शाळेत. शाळांच्या सरकारी पोर्टलमध्ये शिरताना मोबाइलवर जो ओटीपी येतो, त्यासाठी भगवानरावांनी बिजलीबाईचाच नंबर नोंदवून टाकला होता. कारण गावात दिवसभर रेंजमध्ये बसणारी व्यक्ती ती एकटीच. यात कुणाला काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. वाटायला हवे होते काय, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

माझा या सगळ्याशी संबंध कलम ५ मुळे आला. प्रत्येक शाळेत पाच जणांची सायबर संरक्षण समिती हवी आणि तीत 'किमान तीस वर्षे माहिती सांभाळण्याचा अनुभव असलेली स्थानिक तज्ज्ञ व्यक्ती' हवी. मी पांढरकवड्याच्या एका वाचनालयात चौतीस वर्षे ग्रंथपाल होतो. मी सांभाळलेल्या माहितीला वाळवी लागली, आग लागली नाही, एवढेच माझे तज्ज्ञपण. मला संगणक येत नाही, असे मी भगवानरावांना स्पष्ट लिहून कळवले. त्यांनी उत्तर दिले, "काकाजी, म्हनूनच त तुम्ही पाह्यजे. ज्याले येते त्याच्यावर भरवसा कसा करावा?" मग दर आठवड्याला काळीपिवळीने जाऊन मी बैठकीला बसू लागलो.

पहिल्या तिमाहीत आम्ही अहवाल पाठवला: आक्रमणे निरंक. तो परत आला. कलम १२ प्रमाणे 'निरंक' चालत नाही. आक्रमण न होणे हे आक्रमण लक्षात न आल्याचे लक्षण धरले जाते. तेव्हा समितीने नव्याने स्मरण केले आणि सुधारित अहवाल गेला. एकूण आक्रमणे सात. त्यांपैकी चार माकडांकडून (केबल ओढणे, डोंगल पळवणे, डोंगल परत आणून देणे, पुन्हा पळवणे), दोन लाल मुंग्यांकडून, आणि एक पोलीस पाटलांच्या मेव्हण्याकडून, ज्याने लॅपटॉपमध्ये एकशे दहा भजने भरली. अहवाल मंजूर झाला. माकडांविरुद्ध पुढील कार्यवाहीसाठी तो वनविभागाकडे गेला आहे.

आता पासवर्डविषयी. तो दर तिमाहीला बदलावा आणि 'समितीने केलेली कार्यवाही शाळेच्या दर्शनी भागात ठळक अक्षरांत लावावी', असे नियम सांगतो. आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर काय लावलेले नसते? वेळापत्रक, आहाराचा तक्ता, तक्रारपेटीचा नंबर, किल्ली कुणाकडे आहे त्याचे नाव. भगवानराव सरळ माणूस. शेतात कापसाची ओळ चुकली तरी त्यांना झोप लागत नाही. समितीने या तिमाहीत कोणती कार्यवाही केली? पासवर्ड बदलला. कोणता केला? तोही ठळक अक्षरांत लावला. व्हरांड्यातल्या सुविचाराच्या फळ्यावर सुविचाराची जागा थोडी आखडून त्यांनी रंगीत खडूने लिहिले: Khichadi#43!

(आठ अक्षरे, दोन अंक, दोन चिन्हे. परिशिष्ट ३ प्रमाणे हा 'अत्यंत बळकट' प्रकारात मोडतो.)

मी आक्षेप घ्यावा असे मनात आले होते. पण चार शिकलेली माणसे एखादी गोष्ट शांतपणे करत असली की मला नेहमी आपलेच काहीतरी चुकत असेल असे वाटते. मी इतिवृत्तावर सही केली.

फळ्यावर जे असते ते सकाळी परिपाठात म्हटले जाते, हा आंबाडोहचा काय, सगळ्याच शाळांचा रिवाज आहे. पहिल्या दिवशी मुले अडखळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी # या चिन्हाचे नाव 'जाळी' आणि ! चे 'काठी-टिंब' ठेवले. तिसऱ्या दिवशी चाल लागली. मोठा के, एच, आय, सी, एच, ए, डी, आय, जाळी, चार, तीन, काठी-टिंब! शेवटच्या शब्दावर टाळी. पंधरा दिवसांनी मंजुषा मॅडमनी चाचणी घेतली. पासवर्ड पाठ असलेले विद्यार्थी शंभर टक्के, सातचा पाढा पाठ असलेले एकतीस टक्के. पोळ्याला गावातल्या बँडने मिरवणुकीत तीच चाल वाजवली. काठी-टिंबाला ढोल पडायचा आणि बैल दचकायचे. पाहुण्यांना ती इतकी आवडली की ती शेजारच्या चार गावांत गेली.

याच सुमारास क्षितिज साहेब तपासणीला आले. हे आमचे तालुका सायबर संरक्षण अधिकारी, वय सत्तावीस, अतिशय हुशार आणि मनाने चांगले. त्यांच्याकडे बत्तीस मुद्द्यांची तपाससूची होती. मुद्दा एकोणीस: फलक दर्शनी भागात लावला आहे काय? त्यांनी फलक पाहिला, 'होय' वर खूण केली, अक्षराचे कौतुक केले आणि फलकासमोर समितीसोबत फोटो काढला. (मी डावीकडून दुसरा, चेहरा चौकटीबाहेर गेला आहे, पण फलक स्पष्ट आहे.) तो फोटो त्यांनी 'आदर्श फलक, इतर शाळांनी बोध घ्यावा' असे लिहून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथून तो जिल्ह्याच्या ग्रुपवर गेला. एकूण तीनशे शहाण्णव अंगठे आले. शाळेला 'सायबर सुरक्षित' असे प्रमाणपत्र मिळाले.

या सर्व काळात शाळेवर एकही खरे आक्रमण झाले नाही, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. पासवर्ड सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे चोरण्यासारखे काही उरलेच नव्हते. कायदा किती खोलवर विचार करून केलेला असतो, ते अशा वेळी कळते.

मग तीस सप्टेंबर आला.

त्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत प्रत्येक शाळेने आपले सर्व विद्यार्थी पोर्टलवर 'निश्चित' करायचे होते. न केल्यास पटसंख्या शून्य धरून शाळा पांढरकवड्याच्या मोठ्या शाळेत विलीन होणार होती. म्हणजे त्रेचाळीस मुलांनी आधी पाच किलोमीटर श्रद्धेवर चालायचे आणि मग डांबरावर गाडीची वाट पाहायची. भगवानराव रोज थोडे थोडे विद्यार्थी निश्चित करणार होते, पण पोर्टल आठ दिवस बंद होते. (सुरक्षेसाठी.) ते तीस तारखेला सकाळी उघडले आणि त्याच दिवशी कलम १४ अन्वये सर्व मुख्याध्यापकांचे सायबर सुरक्षेचे सक्तीचे प्रशिक्षण यवतमाळला होते. मोबाइल दारावर जमा. मंजुषा मॅडम मतदार यादीच्या कामाला गेल्या होत्या. आणि मी बैठकीला आलो होतो, बैठक रद्द झाल्याचा निरोप मिळाला नव्हता म्हणून.

चार वाजले. शेडमध्ये गंजावर लॅपटॉप उघडा होता. भगवानराव सकाळी तो तसाच ठेवून गेले होते. बिजलीबाई दुसऱ्या दिवशीचे तांदूळ निवडत होती.

"काकाजी, सर कवा येतीन?"

"प्रशिक्षण साडेपाचला सुटेल."

"अन् हे कवा बंद होते?"

"पाचला."

तिने एक खडा बाजूला टाकला. "मंग?"

मी गप्प राहिलो. गप्प राहण्याचा मला चौतीस वर्षांचा अनुभव आहे. वाचनालयात तो नोकरीतच धरला जाई.

"तुमाले पासवर्ड येते न?"

"येतो."

"मंग टाका न, बापा. पाहून काय राह्यले?"

"मला अधिकार नाही, बाई."

"मले बी नाई," ती म्हणाली. तिने हात पदराला पुसले आणि ती गंजासमोर मांडी घालून बसली.

एका बोटाने, चालीवर, ती एकेक कळ दाबत गेली. काठी-टिंबाला सवयीने टाळी वाजवली. पोर्टलने तिला नऊ चित्रे दाखवली आणि ती यंत्र नसून माणूस आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांतल्या बसगाड्या निवडायला सांगितल्या. तिने फक्त लाल निवडली. पोर्टलने नाकारली.

"त्या निळ्या आणि पिवळ्याही बसच आहेत," मी भीत भीत सुचवले.

"त्या थांबते का आपल्या फाट्यावर?"

"नाही."

"मंग कायच्या बस?" पण तिने निवडल्या. पोर्टलची खात्री पटली. लगेच तिच्या कमरेच्या पिशवीत मोबाइल वाजला. "हे पाहा, नंबर बी माह्यावरच आला. मलेच बलावून राह्यलं थे."

मी हजेरीतून एकेक नाव वाचू लागलो आणि ती 'निश्चित करा' दाबू लागली. एका विद्यार्थ्याला साधारण एक मिनिट लागत होते. मध्येच गोल चकती फिरू लागली की ती "याडी ये!" म्हणे. (तांड्यात आईला याडी म्हणतात. पोर्टलपुढे सगळ्याच भाषांतली माणसे आईला हाक मारतात, असे माझे निरीक्षण आहे.) एकविसाव्या नावाला रेंज तेलंगणात गेली; तिने लॅपटॉपसकट गंज उचलून परत महाराष्ट्रात आणला. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी शेवटचे नाव, सातवीतली कौसल्या, निश्चित झाले. पडद्यावर हिरवी खूण आली. बिजलीबाईने ती दोन क्षण पाहिली, लॅपटॉप मिटला आणि तांदळाचे सूप पुन्हा मांडीवर घेतले.

"झाली न शाळा?" तिने विचारले.

"झाली," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्षितिज साहेब पेढे घेऊन आले.

घडले होते ते असे. चार वाजून काही मिनिटांनी भगवानरावांच्या नावाने आंबाडोहहून कुणीतरी पोर्टलमध्ये शिरले होते आणि त्याच वेळी भगवानरावांचा अंगठा यवतमाळला प्रशिक्षणाच्या चहाच्या नोंदीवर उमटलेला होता. एक माणूस दोन ठिकाणी. यंत्रणेने ते तात्काळ ओळखले. कायदा आल्यापासून सिद्ध झालेले हे जिल्ह्यातले पहिले आक्रमण होते. वरच्या कार्यालयांतून अभिनंदनाचे निरोप येत होते.

"काकाजी, बाभुळगाववाले अजून माकडावरच अडकून राह्यले!" साहेब आनंदाने म्हणाले. "आपलं त थेट पोर्टल फोडलं गेलं. अन् आक्रमकाची हिंमत पाहा, ओटीपी सुद्धा सोताच्याच मोबाइलवर मागवला!"

"साह्यब, माह्याच मोबाइलवर येते थो," बिजलीबाई म्हणाली आणि पेढा घेतला.

साहेबांचा चेहरा थोडा उतरला. माणूस खरोखरच चांगला. त्यांनी भगवानरावांकडे पाहिले, भगवानरावांनी माझ्याकडे, आणि मी कायद्याकडे. मग साहेबांनी बॅगेतून नमुना 'छ' काढला. त्यावर आक्रमकाचे नाव लिहून स्थानिक तज्ज्ञाने दहा दिवसांत सही करायची होती.

"नाव लिहिल्यावर काय होईल?" मी विचारले.

"काही मोठं नाही. कैद नाही, काही नाही. फक्त आक्रमकाले शाळेच्या आवारात कायमची बंदी."

"मंग खिचडी काय मी गेटाबाहेरून फेकून मारू?" बिजलीबाई म्हणाली.

तिसरीतली तिची नात दारात उभी होती आणि पेढा खायचा की नाही हे तिला ठरवता येत नव्हते.

भगवानराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकाजी, तिनं शाळा वाचवली. अन् आता मी तिले गेटाबाहेर कसा काढू? लेकरं काय म्हनतीन? सहीच नका करू न."

पण सही न केल्यास कलम १८ प्रमाणे शाळेचे प्रमाणपत्र रद्द होत होते आणि प्रमाणपत्र नसलेली शाळा विलीन होत होती. म्हणजे बाई तरी किंवा शाळा तरी. मी नमुना 'छ' घरी नेला. आयुष्यात मी लोकांवर उशिरा पुस्तक परत केल्याचासुद्धा आरोप केलेला नाही. त्यांची पुस्तके मीच निमूट जाऊन घेऊन येत असे. दहा दिवसांपैकी पहिला दिवस मी पेनात शाई भरण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी, दुसरे काही करवेना म्हणून, कायदा तिसऱ्यांदा वाचायला घेतला, परिशिष्टांसकट. आणि कलम २ वर आलो.

मग कलम १९ वर: 'आक्रमकांची यादी सर्व आक्रमकांचा समावेश करून, कोणासही न वगळता, प्रत्यक्ष खातरजमा करून सादर करावी, अपूर्ण यादी विधिग्राह्य नसेल.'

मी काही लढाऊ माणूस नाही. मी फक्त यादी करू शकतो. चौतीस वर्षे तेच केले.

भगवानरावांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी खातरजमेला निघालो. "शाळेचा पासवर्ड ठाऊक आहे का?" असे विचारायचे. कुणीही नाकारले नाही. बहुतेकांनी म्हणून दाखवला. एसटीच्या वाहकाने तिकीट फाडता फाडता म्हटला, आणि काठी-टिंबाला घंटी वाजवली. मथुराबाई म्हणून एक नव्वदीच्या आजी आहेत, त्यांना स्वतःचे वय आठवत नाही. त्यांनी पासवर्ड म्हटला आणि त्रेचाळीसच्या जागी बेचाळीस म्हटल्याबद्दल सुनेने त्यांना दुरुस्त केले. दहा दिवस संपले तेव्हा यादी अशी झाली होती:

बिजलीबाई १. यज्ञेश्वर, निवृत्त ग्रंथपाल (म्हणजे मी) १. विद्यार्थी ४३. पालक ७८. गाव व तांड्यावरील इतर ६०९. बँड पथक ११. एसटीचे चालक-वाहक २. पोळ्याचे पाहुणे २७०. फोटो पाहिलेले तालुका ग्रुपचे सदस्य, भगवानराव वगळून, २१४. जिल्हा ग्रुपचे सदस्य १८७. एकूण आक्रमक १,४१६. (बैलांना पासवर्ड ठाऊक असावा असे सकृद्दर्शनी दिसते, परंतु व्याख्येत 'व्यक्ती' हा शब्द असल्याने त्यांना वगळले आहे.)

नमुना 'छ' प्रत्येकी तीन प्रतींत, म्हणजे ४,२४८ पाने. ती मी सोयाबीनच्या दोन पोत्यांत भरून शाळेत आणली. क्षितिज साहेब सकाळी ठरल्या वेळी आले. शेडमध्येच बसले, कारण त्यांना फोन करायचा होता. पोती पाहून ते म्हणाले, "हे काय?"

"यादी," मी म्हणालो. मी पहिल्या पोत्याची गाठ सोडली.

ते उभ्यानेच पाने उलटत गेले. अनुक्रमांक १,०१६ वर थांबले.

"काकाजी, माह्यं नाव काहून?"

"तुम्ही ग्रुपचे ॲडमिन आहात."

"पण मी त अधिकारी हाय!"

"अधिकार फक्त मुख्याध्यापकांना आहे, साहेब. कलम ४."

"काटा ते नाव."

"काटता येत नाही. कलम १९." मी कायद्याचे पान उघडून पुढे केले. "फार तर, तुम्हाला पासवर्ड ठाऊक नाही असे लेखी द्या. मग यादीतून नाव जाईल."

"देतो न! मले कायले ठाऊक राहीन? मी फोटो काढला, पाठ नाही केला." त्यांनी पेन काढले.

तेवढ्यात व्हरांड्यात परिपाठ सुरू झाला. मोठा के, एच, आय, सी, एच, ए, डी, आय, जाळी, चार, तीन... साहेबांचे पेन कागदावर टेकलेले होते. त्यांचा दुसरा हात मांडीवर ठेका धरत होता.

"...काठी-टिंब," साहेब पुटपुटले आणि टाळी वाजवली.

"पाहा व माय," बिजलीबाई म्हणाली, "आला साह्यबाले!"

क्षितिज साहेब खिचडी शिजेपर्यंत तिथेच बसून राहिले. मग त्यांनी पेन खिशाला लावले आणि गंजातली खिचडी मागितली. दोन वाट्या खाऊन ते म्हणाले, "बाई, मीठ जरा कमी हाय." आणि पोती गाडीवर बांधून निघून गेले.

पुढचे कायद्यानेच केले. कलम ३१ प्रमाणे आक्रमकांत अधिकारी असल्यास चौकशी यादीबाहेरच्या अधिकाऱ्याने करायची असते. जिल्ह्यात तसा कुणी उरला नव्हता, म्हणून फाइल वरच्या कार्यालयात गेली. फाइलच्या पहिल्याच पानावर पुरावा क्रमांक एक म्हणून फळ्याचा फोटो चिकटवला आहे. त्यामुळे जो अधिकारी ती उघडतो, त्याला पासवर्ड कळतो, आणि तो उघडल्या क्षणी आक्रमक ठरतो. पहिल्या दोघांच्या बाबतीत असे झाल्यावर (त्यांची नावे पुरवणी यादीत घेण्याचे काम त्यांच्याच कार्यालयाकडे प्रलंबित आहे) फाइल आता कुणीही उघडत नाही. ती अत्यंत सुरक्षित आहे. इतकी सुरक्षित माहिती मी वाचनालयातही पाहिली नव्हती. आणि कलम ३४ असे की, चौकशी संपेपर्यंत सर्व आक्रमक समान मानले जातील व कोणा एकावर वेगळी कारवाई होणार नाही. पासवर्डही बदलता येत नाही. तो आता मुद्देमाल आहे. तो फळ्यावर आहे. मुले रोज म्हणतात. बिजलीबाई खिचडी शिजवते. शाळा उघडी आहे.

गेल्या आठवड्यात मात्र वरून एकाच ओळीचे पत्र आले. यादी अद्ययावत करून पाठवावी, अन्यथा ती अपूर्ण समजली जाईल. आणि यादी अपूर्ण ठरल्यास कलम १९(२) प्रमाणे तीतील फक्त पहिले नाव ग्राह्य धरून प्रकरण निकाली काढले जाईल. पहिले नाव कुणाचे आहे, हे वाचकांना ठाऊक आहे.

म्हणून मी हे लिहीत आहे. मी लेखक नाही, आणि हे छापण्याच्या योग्यतेचे आहे की नाही याबद्दल मला गंभीर शंका आहे. पण आपण इथवर वाचले आहे. म्हणजे अधिकार नसताना आपल्याला आमच्या शाळेचा पासवर्ड ठाऊक झाला आहे, आणि तो कसा कळला याला कायद्यात महत्त्व नाही. आपण हसला असाल तर हरकत नाही. हसण्याबद्दल कलम नाही. चालीवर मनातल्या मनात म्हटला असेल, तर तो वापर धरायचा की नाही, हे चौकशीत ठरेल.

अनुक्रमांक १,४१७ पासून जागा मोकळी ठेवली आहे. पूर्ण नाव, पत्ता आणि डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा, तीन प्रतींत. नाव द्यायला आपण कचराल, हे मला समजते. मीही एक दिवस शाई भरत बसलो होतो. पण आपण आपले नाव लपवलेत तर यादी अपूर्ण राहील, आणि बिजलीबाईला आवाराबाहेर काढणाऱ्या कागदावर सही माझी असेल, ठसा आपला.